गिधाडे गेली तेव्हा काय झाले : जैवविविधतेचा एक पाठ



‘निसर्गातील प्रत्येक जीव उपयोगी आहे’ हे वाक्य परिसर अभ्यासाच्या तासाला आपल्या शाळाशाळांतून सांगितले जाते. मुले ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि शाळा सुटल्यावर कुंपणावरच्या सरड्याला दगड मारतात. यात मुलांचा दोष मानण्याचे कारण नाही. ज्याच्या घरची ज्वारीची कणगी उंदरांनी पोखरली आहे, त्या मुलाला ‘प्रत्येक जीव उपयोगी’ हे विधान पटावे तरी कसे? विधान पटण्यासाठी त्यामागची कार्यकारणपरंपरा डोळ्यांसमोर उभी राहावी लागते. ती कशी उभी करता येईल, याविषयी काही विचार या लेखात मांडावयाचे आहेत.

पाठ्यपुस्तकात असे सांगितलेले असते की, जीवांची विविधता असली म्हणजे परिसंस्था स्थिर राहते. येथे ‘स्थिर’ या शब्दापाशी शिक्षकाने थोडे थांबावयास हवे. परिसंस्था म्हणजे एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव, तेथील माती, पाणी, हवा, आणि या सर्वांमधील देवघेव. ती स्थिर आहे याचा अर्थ तीत काही बदलत नाही असा नव्हे. ओढा उन्हाळ्यात आटतो, पावसाळ्यात फुगतो. माळावरचे गवत वाळते व पुन्हा उगवते. स्थिरता म्हणजे आघात सोसून आपली कामे चालू ठेवण्याची व पुन्हा पूर्वपदावर येण्याची शक्ती.

ही गोष्ट आपल्याच व्यवसायातील उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. एकशिक्षकी शाळेतील गुरुजी प्रशिक्षणास गेले की शाळा बंद पडते. चार शिक्षक असलेल्या शाळेत एक रजेवर गेला तरी उरलेले तिघे त्याचे वर्ग सांभाळतात. शिकवण्याची पद्धत थोडी निराळी होते, पण शाळा चालते. म्हणजे एकाच कामाला अनेक हात असणे ही स्थिरतेची पहिली अट झाली. पण तेवढ्याने भागत नाही. समजा, चौघेही शिक्षक एकाच पंगतीला जेवले आणि दुसऱ्या दिवशी चौघेही आजारी पडले, तर शिक्षकांची संख्या चार असूनही शाळा बंदच राहणार. तेव्हा हात अनेक असावेत, आणि ते सर्व एकाच आघाताने एकाच वेळी निकामी होणारे नसावेत. जैवविविधतेचे सारे मर्म या दोन अटींत आहे, असे मला वाटते. पुढील दोन उदाहरणे त्यांचीच आहेत. पहिले परदेशातील माळरानाचे, दुसरे आपल्या गावशिवेवरचे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक नावाचे संशोधनक्षेत्र आहे. तेथे डेव्हिड टिल्मन या शास्त्रज्ञाने १९८२ पासून गवताळ जमिनीचे दोनशेहून अधिक तुकडे आखून त्यांवरील वनस्पतींची दरवर्षी मोजणी चालविली होती. काही तुकड्यांत वनस्पतींच्या दोनचारच जाती होत्या, काहींत वीसच्या आसपास. १९८७ व १९८८ साली तेथे तीव्र अवर्षण पडले. ज्या तुकड्यांत जाती सर्वांत कमी होत्या, तेथील उत्पन्न पूर्वीच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आले; जेथे जाती पुष्कळ होत्या, तेथे ते निम्म्यावर थांबले आणि पुढे लवकर भरूनही आले. कारण उघड आहे. पुष्कळ जातींच्या समूहात काही खोल मुळांच्या, काही कमी पाण्यावर तगणाऱ्या अशा असतातच. इतर कोमेजल्या की त्यांनी सोडलेली जागा व ओल या जाती घेतात.

या प्रयोगावर एक आक्षेप आला, आणि तो योग्यच होता. काही तुकड्यांना खत अधिक दिले गेल्यामुळेच तेथील जाती कमी झाल्या होत्या. मग फरक खताचा की जातींचा? म्हणून १९९४ पासून त्याच क्षेत्रात नव्या तुकड्यांत मुद्दाम एक, दोन, चार, आठ व सोळा जाती पेरून वर्षानुवर्षे मोजणी करण्यात आली. निष्कर्ष तोच निघाला. आक्षेप आला की रागावू नये, प्रयोग पुन्हा करावा, ही गोष्टही वरच्या इयत्तांच्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

या मोजणीत आणखी एक बारकावा आढळला. अनेक जातींच्या तुकड्यात एकेका जातीचे प्रमाण वर्षागणिक बरेच वरखाली होत असे. यंदा ही वाढली, पुढच्या वर्षी ती. स्थिर राहिली ती सर्वांची मिळून होणारी बेरीज. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्याला हे नवीन वाटणार नाही. ज्वारीत तुरीच्या ओळी, मधून मूग, बांधाला अंबाडी असे मिश्र पीक तो घेई, ते याच हिशेबाने. पाऊस लवकर गेला तर ज्वारी फसेल, पण खोल मुळांची तूर काहीतरी देऊन जाईल.

आता गिधाडांकडे वळू. आपल्या वाचकांपैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांनी लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलावर तुटून पडलेला गिधाडांचा थवा पाहिलेला असेल. तरुण शिक्षकांपैकी अनेकांनी गिधाड चित्रातच पाहिले असेल. या दोन पिढ्यांमध्ये काय घडले, तोच आपला पाठ.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. महाराष्ट्रात पूर्वी विपुल होत्या त्या दोन : पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड. पहिले उंच झाडांवर घरटे करते, दुसरे डोंगरकड्यांच्या कपारीत. गिधाडांचा मोठा थवा मेलेल्या गाईचे मांस तासाभराच्या आत संपवून केवळ सांगाडा शिल्लक ठेवतो. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. म्हणजे रोगाची साखळी त्या पक्ष्याच्या पोटात तुटते. गावाने या सेवेचा कधी एक पैसा मोजला नाही. (मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावाने काही समाजांवर लादले होते आणि त्याबद्दल त्यांचा सन्मान करण्याऐवजी त्यांनाच दूर ठेवले, हेही या संदर्भात मुलांपासून लपवू नये. घाण दूर करणाऱ्यालाच घाण म्हणण्याची खोड आपण माणसांच्या बाबतीत दाखविली, तशी पक्ष्यांच्याही. जटायू म्हणून ज्याला नमस्कार करावयाचा, त्याच्याच नावाची आपण शिवी केली.)

१९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी असावा, असे मानले जात असे. १९९०च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने कमी होताना आढळली. मान खाली घालून बसलेली, मग फांदीवरून पडून मेलेली. पुढे देशभर गणना झाल्या. १९९२ मध्ये जेथे पांढऱ्या पाठीची एक हजार गिधाडे होती, तेथे २००७ मध्ये सरासरी एकच उरले होते. लांब चोचीचे गिधाड आणि उत्तर भारतातील बारीक चोचीचे गिधाड या दोहोंची मिळून शंभरास तीन एवढीच संख्या राहिली होती.

प्रथम कोणाला रोगाची साथ वाटली, कोणाला कीटकनाशकांचा संशय आला. अखेर पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कारण जाहीर केले : डायक्लोफेनॅक. हे वेदनाशामक औषध माणसांना देतात तेच. १९९०च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुराला त्याचे इंजेक्शन देण्याची प्रथा पडली. गुराला त्याने आराम पडे. पण इंजेक्शननंतर लवकरच ते जनावर मेले, तर औषधाचा अंश मांसात राही. ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडे आणि काही दिवसांतच ते मरे. शवविच्छेदनात आतील अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे.

चौकस विद्यार्थी येथे विचारील की, सगळ्याच गुरांना काही इंजेक्शन दिलेले नसणार, मग हजारांतून एकच गिधाड कसे उरले? प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा असे दिसले की, हजार मृत जनावरांपैकी आठांहूनही कमी जनावरांत विष असले, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो. कारण एका जनावरावर अनेक गिधाडे एकत्र जेवतात आणि प्रत्येक गिधाड वर्षभरात अनेक पंगतींना हजर असते. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू स्वतः घरटे करण्याजोगे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. मरण भराभर आणि जन्म सावकाश, असा हा व्यवहार. उच्च प्राथमिक वर्गात याचे गणित अवश्य करून घ्यावे.

आता आपल्या दुसऱ्या अटीची आठवण करा. झाडावर घरटे करणारी एक जात, कड्यावर घरटे करणारी दुसरी. उद्या सर्व उंच झाडे तोडली गेली असती, तर कड्यावरच्या जातीने काम सांभाळले असते. हात दोन होते. परंतु या जाती परस्परांच्या इतक्या जवळच्या की, त्यांची मूत्रपिंडे त्याच विषाला बळी पडली. एकाच पंगतीला बसलेल्या शिक्षकांसारखी त्यांची स्थिती झाली. म्हणून केवळ ‘जातींची संख्या मोजा’ असे मुलांना सांगणे अपुरे आहे. त्या जाती कशाकशाने संकटात येतात, हेही पाहावे लागते.

मग हे काम दुसऱ्या कोणी केले नाही काय? केले. कुत्रे, कावळे, घारी, उंदीर यांनी ते आपल्या परीने केले. ‘निसर्ग आपोआप समतोल साधतो’ असे म्हणणाऱ्यांनी हा नवा समतोल नीट पाहावा. कुत्र्यांना जनावर संपवावयास वेळ लागतो, तोवर ते सडते, त्यातील जंतू पाण्यात उतरतात. आयत्या अन्नावर कुत्र्यांची संख्या वाढते. आणि कुत्रा गिधाडासारखा रोगाची साखळी तोडत नाही. अलर्क, म्हणजे रेबीज, माणसापर्यंत पोहोचविणारा तोच मुख्य प्राणी आहे. परिसंस्था नव्या रीतीने स्थिरावलीच, पण त्या स्थिरतेची किंमत माणसांनी चुकती केली.

ती किंमत मोजण्याचा प्रयत्न एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. त्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. भारतातील जे जिल्हे गिधाडांच्या वस्तीस अनुकूल होते आणि जे मुळातच नव्हते, त्यांच्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. औषध स्वस्त होण्यापूर्वी दोन्हींचे दर साधारण बरोबरीने चालत होते. गिधाडे नाहीशी झाल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. त्यांच्या हिशेबाने २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. तथापि कुत्र्यांची वाढ, रेबीजच्या लशीची वाढलेली विक्री आणि पाण्याची बिघडलेली प्रत या तीन निरनिराळ्या खुणा त्याच दिशेने बोट दाखवितात. मुंबईतील पारशी समाजाची अडचण वेगळीच झाली : मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या त्यांच्या धर्माचारात दोखम्यावर पक्षीच येईनात, तेव्हा सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे तेथे बसवावी लागली.

एवढी माहिती शिक्षकाजवळ असली म्हणजे पाठ रंगतो. पण केवळ गोष्ट सांगून थांबू नये. वर्गात पुढील तक्ता करून घ्यावा असे मी सुचवितो. फळ्यावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात गावशिवारात निसर्गाकडून होणारी कामे मुलांनीच सांगावीत : भोपळ्याच्या फुलाचे परागीकरण, शेणाची विल्हेवाट, डासांच्या अळ्यांचा नाश, उंदरांना आळा, मेलेल्या जनावराची विल्हेवाट. उजव्या रकान्यात ते ते काम करणाऱ्यांची नावे. उंदरांसमोर मुले घुबड, साप, मांजर, मुंगूस अशी चारपाच नावे भराभर सांगतील. सरडा कोणत्या कामासमोर येतो, हेही ती शोधून काढतील. जेथे एकच नाव येईल, त्याच्याभोवती तांबड्या खडूने वर्तुळ करावे. ही एकशिक्षकी शाळा! मग उरलेल्या ओळींविषयी विचारावे : ही चारपाच नावे एकाच कारणाने एकदम नाहीशी होऊ शकतील काय? उंदरांसाठी टाकलेले विष खाऊन मेलेला उंदीर घुबडानेही खाल्ला आणि मांजरानेही, तर?

एकाच नावाचे उत्तम उदाहरण म्हणजे उंबर. उंबर फोडले की आत बारीक केंबरे दिसतात. मुलांना ती किळसवाणी वाटतात. पण उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आत मिटलेली असतात, तेथवर वारा किंवा मधमाशी पोहोचत नाही. परागीकरण करतो तो तेथे शिरणारा चिमुकला कीटक, आणि वड, पिंपळ, उंबर या वर्गातील झाडांचे असे कीटक सामान्यतः जातीगणिक वेगवेगळे असतात. उंबराचे काम वडाचा कीटक करीत नाही. तो एक कीटक गेला तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबरे खाणारे हरोळी, धनेश, वटवाघळे, वानरे यांच्या ताटातील घास जाईल. भोपळ्याचे तसे नाही. त्याच्या फुलावर निरनिराळ्या जातींच्या मधमाश्या व भुंगे येतात. हा भेद मुलांना शाळेच्या आवारात दाखविता येतो, त्याला साहित्यपेटी लागत नाही. बहुतेक शाळांच्या भिंतीवर ‘उपयुक्त प्राणी’ व ‘उपद्रवी प्राणी’ असा तक्ता असतो. तो उतरवून त्या जागी हा कामांचा तक्ता लावला, तर अधिक बरे, असे माझे मत आहे.

गावाशी संबंध असल्याने शिक्षकाच्या शब्दाला पालकसभेत वजन असते. तेथे दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. पहिली, गुरांच्या औषधाविषयी. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकच्या वापरावर २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचले जात राहिले, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली, कारण तीही गिधाडांना मारक ठरली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुराला तितकाच आराम देते व गिधाडाला अपाय करीत नाही. तेव्हा गुराला इंजेक्शन देताना पशुवैद्यकाकडे नाव घेऊन मेलॉक्सिकॅम मागावे, दुकानातून आणून स्वतः टोचू नये. दुसरी गोष्ट कुत्र्याच्या चाव्याची. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी मुलाला लशीसाठी दवाखान्यात न्यावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जखमेवर मिरची, चुना, हळद लावण्यात मोलाचा वेळ जातो.

गिधाडे अगदीच संपलेली नाहीत. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वन विभाग यांनी त्यांचे प्रजननकेंद्र चालविले आहे. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्याच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे, नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाडा येथे, तसेच गडचिरोलीच्या काही भागांत ग्रामस्थांच्या साह्याने त्यांचे रक्षण होत आले आहे. ठराविक जागी औषधमुक्त मृत जनावर ठेवावयाचे, अशी तेथील रीत. ज्या शाळांच्या परिसरात कडे अथवा जुनी उंच झाडे आहेत, त्यांनी मुलांकडून निरीक्षण अवश्य करवावे. सप्टेंबरचा पहिला शनिवार आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन म्हणून पाळला जातो. पक्षिनिरीक्षणाची सहल त्या दिवशी ठेवता येईल. घरट्याच्या जवळ मात्र मुलांना नेऊ नये.

निरीक्षणाची वही इयत्तावार वेगळी न ठेवता शाळेची एकच ठेवावी. तारीख, ठिकाण, पाहिलेला जीव, तो काय करीत होता आणि पाहणाऱ्या मुलाचे नाव, एवढे रकाने पुरेत. प्राण्याचे ग्रंथातील नाव ठाऊक नसल्यास गावात प्रचलित असलेले नाव लिहावे. आजीआजोबांना विचारून ‘पूर्वी दिसे, आता दिसत नाही’ असा एक रकाना जोडावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून, लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. कित्येक गावी ही नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात पडलेली असते. शाळेच्या वहीतील नोंदींची प्रत दर वर्षाच्या अखेरीस या समितीकडे द्यावी व पोच घ्यावी. समितीची नोंदवही शाळेस पाहावयास मिळाल्यास ‘आता दिसत नाही’ या रकान्यातील नावे तीत आहेत की नाहीत, हे उच्च प्राथमिक वर्गातील मुलांकडून ताडून घ्यावे.